वाद्याला आधी आसन द्या

देवळाच्या सभामंडपात बास गिटार वाजावे की वाजू नये, हा वाद प्रस्तुत लेखकाने प्रथम गोडादऱ्यात ऐकला. तो गोडादऱ्यापुरता असता तर या पृष्ठांवर आणण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या ज्या गावी भजनाच्या बैठकीत की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन स्थिरावले आहेत, त्या त्या गावी आज ना उद्या हे चार तारांचे, लांब मानेचे वाद्यही येणार. मग मडगाव असो, कारवार असो, की मुंबईतील एखादी चाळ. आणि ते आल्यावर आपण त्याच्याशी कसे वागणार, याची रंगीत तालीम सध्या गोडादऱ्यात चालू आहे असे म्हणावयास हरकत नाही.

गोव्याच्या व कानडी किनाऱ्यावरच्या वाचकांना या वस्तीचे नाव अपरिचित असेल. सुरत शहराच्या पूर्व अंगाला, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी पसरलेली ही दाट लोकवस्ती. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून यंत्रमागावर आणि साड्यांच्या बाजारात कामाला आलेली असंख्य खानदेशी कुटुंबे या परिसरात नांदतात. घरात अहिराणी, कामावर हिंदी-गुजराती आणि देवापुढे मराठी, असा त्यांचा त्रिभाषी संसार. श्रावणात कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य होतो, दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने तिचे विसर्जन होते. पुढे गणेशोत्सव येतो. गाणारा व वाजविणारा येथे कोणी पेशेवर नव्हे. दिवसभर मागावर किंवा पॅकिंगच्या टेबलाशी उभा राहणारा तरुणच रात्री वाद्य गळ्यात घालतो.

या तरुणाला दोन प्रकारचे उपदेश ऐकावे लागतात, आणि दोन्ही तितकेच चुकीचे आहेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला उपदेश वडीलधाऱ्यांचा. वाद्य विलायती, पट्टा चामड्याचा, वाजविण्याची ढब ऑर्केस्ट्रातली. तेव्हा देवापुढे ते नकोच, आणि मुलांच्या हट्टापायी ठेवायचेच झाले तर वाजविणाऱ्याने मागच्या कोपऱ्यात, कनातीच्या आड, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावे. आवाज आला तरी चालेल, माणूस दिसता कामा नये! दुसरा उपदेश मंडळाच्या उत्साही कार्यकर्त्यांचा. ते म्हणतात, असा खांबासारखा उभा काय राहतोस? पुढे ये, गिटार गुडघ्यापर्यंत सोड, वाक, मान झटक. मोबाइलवर चित्रफीत चांगली आली पाहिजे. एक पक्ष त्याला लपवू पाहतो, दुसरा त्याला नाचवू पाहतो. तो वाजवितो काय आणि कसे, त्याच्या खांद्याला कळ लागते की नाही, त्याचा खर्ज गाणाऱ्याला आधार देतो की त्याच्या अंगावर धावून जातो, याची चौकशी दोघांपैकी कोणीही करीत नाही.

आता परक्या वाद्याच्या सोवळेपणाचा प्रश्न. येथे आपली स्मृती फार दुबळी आहे असे खेदाने म्हणावे लागते. ज्या पेटीवाचून आज एकही भजनी मंडळ उभे राहत नाही, ती हार्मोनियम कोठली? पॅरिसच्या अलेक्झांड्र दबॅं या कारागिराने १८४२ साली तिचे स्वामित्व नोंदविले. ती पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण जमिनीवर बसणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्यांनी भाता मागे आणला, एक हात त्याला दिला, पाय मोकळे केले आणि पेटी मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यात ठेवली. त्या दिवसापासून ती आपली झाली. तरीही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातलीच, आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीन दशकांत देवळांतली पेटी मात्र एक दिवसही थांबली नाही. नभोवाणीच्या विद्वानांपेक्षा आपले भजनी बुवा अधिक शहाणे ठरले, हे नमूद करताना मला आनंद होतो.

व्हायोलिनचा इतिहास याहून जुना आणि याहून बोधक आहे. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात कर्नाटक संगीतात आणले. युरोपात ते उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवीत. दक्षिणेत वादक मांडी घालून बसला, वाद्याचे एक टोक छातीखांद्याशी आणि दुसरे पायाच्या घोट्यावर टेकले, आणि डावा हात वाद्याचा भार वाहण्याच्या कामातून सुटला. हात सुटला म्हणून गमक काढता आले. आसन बदलले नसते तर ते वाद्य आपल्या गळ्यासारखे गाऊ शकले नसते.

तिसरे उदाहरण तर आमच्या कोंकणी वाचकांच्या अंगणातले आहे. मंगळूरजवळच्या कद्री गोपालनाथ यांचा जन्म १९४९ सालचा. वडील नागस्वर वाजविणारे. म्हैसूरच्या राजवाड्यातील बॅंडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन पाहिला आणि त्याचा ध्यास घेतला. जॅझच्या मद्यालयातून आलेले हे पितळी वाद्य त्यांनी रेशमी वस्त्रे नेसून, मांडी घालून, रसिकांपुढे बसून वाजविले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये ते निवर्तले, तेव्हा सॅक्सोफोन देवळात चालतो का, हा प्रश्न विचारणारा दक्षिणेत कोणी उरला नव्हता.

या तिन्ही ठिकाणी घडले ते एकच. वाद्य आले, समाजाने त्याला आसन दिले, आणि त्या आसनावर वादकाचे शरीर स्वस्थ झाल्यावर ते वाद्य शोभू लागले. बास गिटारला अद्याप कोणी आसन दिलेले नाही. म्हणून ते वाजविणारा देवळात अवघडलेला दिसतो. आणि त्याच्या अवघडलेपणाचा दोष आपण वाद्याच्या कुळाला देतो!

मग याचे आसन कोणते? मांडी घालून ते नीट वाजत नाही हे मान्य केले पाहिजे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली जे प्रिसिजन बास बाजारात आणले, ते मुळात उभ्याने, पट्ट्याने अंगावर घेऊन वाजविण्यासाठी होते. त्यापूर्वीचा बास माणसाहून उंच, जमिनीवर टेकवून धरावयाचा. त्याला पडदे नसल्याने सूर नेमका लागणे कठीण, आणि मोठ्या वृंदात तो ऐकूही येत नसे. फेंडर यांनी त्याला पडदे दिले, वीज दिली आणि वादकाला चालते-फिरते केले. म्हणजे उभे राहणे हा या वाद्याचा धर्मच आहे.

देवापुढे उभे राहून वाजविणारा आपल्याकडे कोणी नाही काय? वारकरी कीर्तन ज्यांनी एकदा तरी पाहिले आहे त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही. खानदेशच्या लोकांना तर मुळीच नाही. मुक्ताईनगरच्या मुक्ताईची पालखी दरवर्षी पंढरीला जाते, अमळनेरात सखाराम महाराजांचा उत्सव वैशाखात भरतो, आणि ही माणसे तेथूनच सुरतेला आली आहेत. कीर्तनकार उभा, त्याच्या मागे टाळकऱ्यांची फळी, आणि बाजूला गळ्यात पट्टा घालून उभा असलेला मृदंगी. त्याच्या वाद्याचा भार बास गिटारपेक्षा हलका नसतो. डाव्या तोंडाला कणीक लावून त्याने जो घुमारा आणलेला असतो, तोच त्या संपूर्ण कीर्तनाचा पाया. दोन-दोन तास तो उभा असतो, आणि अभंग रंगात आला की टाळकऱ्यांबरोबर पावलीही टाकतो. त्याला कोणी सांगितले नव्हते की अमुक ठिकाणी वाक, तमुक ठिकाणी मान झटक. त्याची नजर कीर्तनकाराच्या ओठांवर असते. चरण संपून धृपद कधी उचलले जाणार हे त्याला त्या ओठांवरून कळते, आणि त्याचे शरीर त्या कळण्याच्या मागोमाग जाते. लोक त्याच्याकडे पाहतात ते तो लक्ष देऊन ऐकत असतो म्हणून.

बास गिटारचे काम याहून वेगळे नाही. खर्ज सांभाळणे आणि समेला पाय रोवणे. तेव्हा माझी सूचना साधी आहे. बास गिटारवाल्याला कनातीमागून काढा, रंगमंचाच्या टोकावरून मागे घ्या, आणि मृदंग्याच्या शेजारी, त्याच्याच रेषेत, कीर्तनकाराचा चेहरा दिसेल असा उभा करा.

या सूचनेवर एका सुशिक्षित गृहस्थांनी मला ऐकविले की, 'हे सारे अंगातच असावे लागते. ज्याच्यात सहजता आहे त्याला शिकवावे लागत नाही आणि ज्याच्यात नाही त्याला शिकविता येत नाही.' हे मत आपल्याकडे इतके लोकप्रिय आहे की त्याचा समाचार घेणे भाग आहे. गोमंतकाचे लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकर हाताने एक, पायाने दुसरा आणि तोंडाने तिसरा ताल एकाच वेळी सांभाळीत, असे त्यांना ऐकलेल्यांनी सांगून ठेवले आहे. ते काय पाळण्यातून शिकून आले होते? मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे आज जगभरच्या रंगमंचांवर बास गिटार वाजविताना इतक्या मोकळ्या दिसतात की जणू ते वाद्य त्यांच्या अंगाचाच भाग. पण त्यांचे वडील सुजय डे स्वतः बासवादक होते आणि त्यांनी मुलीच्या हाती ते अगदी बालपणी दिले, हे विसरून कसे चालेल? सहजता ही सवयीची मुलगी आहे. तिला दैवी देणगी म्हणणे हा शिकविण्याचे कष्ट टाळण्याचा सभ्य मार्ग होय.

आणि ती सवय कशाची, तर प्रथम शरीराची. येथे थोडे तपशिलात जातो. कारण गोडादऱ्यातील तरुणाचे मनगट हे त्याच्या गाण्याचे साधन आहे त्याहून अधिक त्याच्या पोटाचे साधन आहे. बारा तासांच्या पाळीत तुटलेला धागा जोडणारे बोट रात्री चुकीच्या पद्धतीने वाजवून सुजले, तर दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. चित्रफीत काढणारा ती भरून देत नाही.

प्रचलित बास गिटारवर तारेची वाजती लांबी ३४ इंच असते. मानेच्या टोकाकडचे पडदे त्यामुळे इतके दूर पडतात की पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे ५ इंच भरते. मध्यम बांध्याच्या माणसाने चार बोटे ताणून तेथे ठाण मांडून बसणे म्हणजे हाताला शिक्षा. उभ्या बासचे जुने वादक खालच्या स्वरांना पहिले, दुसरे आणि करंगळी एवढ्यांनीच भागवीत आणि गरज पडेल तसा पंजाच सरकवीत. तेच येथेही करावे. पट्टा रुंद, तीन-चार बोटे तरी असावा, म्हणजे चारेक किलोचे ओझे खांद्यात रुतत नाही. त्याची लांबी अशी ठेवावी की बसून वाजविताना वाद्य जेथे येते तेथेच ते उभ्यानेही राहील. मान किंचित वर तिरपी, डावे मनगट सरळ, अंगठा दाबून न धरता मागे नुसता टेकलेला. वाद्य गुडघ्यापाशी लोंबू लागले की डावे मनगट काटकोनात दुमडते. छायाचित्रात ते ऐटदार दिसत असेल, पण वैद्याकडे जाण्याचा रस्ता तोच.

याहून महत्त्वाची गोष्ट उजव्या हाताची. आवाज वाढविणे हे ॲम्प्लिफायरचे काम आहे, बोटांचे नव्हे. मागावरच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्याला हळू वाजविणे सुचत नाही, हे मी समजू शकतो. पण तार ओरबाडून वाजविणाऱ्याचा हात अर्ध्या तासात दगड होतो आणि हात दगड झाला की चेहराही दगड होतो. प्रेक्षकाला जे अवघडलेपण दिसते ते बहुधा असे मनगटापासून सुरू झालेले असते. बसून सराव करून एकदम ओट्यावर उभे राहणाऱ्यांची फजिती होते ती यामुळेच. सराव उभ्यानेच करावा. दोन्ही पावलांवर सारखा भार, गुडघे ताठ न ठेवता. तोंडाने ताल म्हणत आणि समेवर पाऊल टाकत. हात न पाहता चालू लागले की डोळे मोकळे होतात. डोळे मोकळे झाले की ते गाणाऱ्याकडे लागतात.

उड्या मारणे म्हणजेच जिवंतपणा असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांना विलायतेतलेच उदाहरण द्यावे, म्हणजे पटेल. 'द हू' नावाचा इंग्लिश वाद्यवृंद धांगडधिंग्यासाठी जगप्रसिद्ध होता. गिटार आपटून फोडणे, ढोल लाथाडणे हे त्यांचे नित्याचे. त्यात बास वाजविणारे जॉन एन्टविसल मात्र जागेवरून हलत नसत. २००२ साली ते वारले, आणि आजही त्या वाद्याचे अभ्यासक त्यांच्या बोटांचे नाव घेतात. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. त्या गाण्यांवर दोन पिढ्या नाचल्या, पण वाजविणारा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होता; त्याचे नाव तबकडीवर शोधूनही सापडावयाचे नाही. आमचे गोमंतकीय ख्रिस्ती बंधू चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकले आणि त्यांनी मुंबईचे चित्रपटसंगीत अक्षरशः उभे केले. हिंदूंच्या देवळांनी, ज्यांच्या चौघड्याच्या आणि कलावंतांच्या परंपरेतून अर्धे हिंदुस्थानी संगीत पोसले गेले, आपल्या मुलांना हल्ली काय शिकविले, असा प्रश्न या निमित्ताने विचारावासा वाटतो. (उत्तराची घाई नाही.)

एक आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. बासचा आवाज भिंती जुमानत नाही. त्याच्या सर्वांत खालच्या तारेचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. त्याची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते, आणि अशी लहर विटांच्या पातळ भिंतीतून सहज पलीकडे जाते. गोडादऱ्यासारख्या वस्तीत पलीकडे रात्रपाळी करून निजलेला मजूर असतो, तान्हे मूल असते, आजारी म्हातारी असते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नको हे २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले आहे. मंडळांनी हे पाळले पाहिजे, त्यात देवाची सूट नाही. परंतु हा आक्षेप डीजेच्या भिंतींना शंभरपट अधिक लागू पडतो, आणि मिरवणुकीत त्या भिंती भाड्याने आणताना हेच वडीलधारे वर्गणी देतात! हाताने वाजणारा, गाणाऱ्याला ऐकणारा एक बास गिटारवाला त्या भिंतीपेक्षा नेहमीच हळू वाजेल, कारण त्याला गाणे बुडवावयाचे नसते.

चामड्याच्या पट्ट्याचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. सुती पट्टा बाजारात मिळतो; आणि ज्यांना कातड्याचाच विटाळ आहे त्यांनी मृदंगाच्या दोन्ही तोंडांकडे एकदा पाहून घ्यावे.

शेवटी एक गोष्ट, जिच्याबद्दल दोन्ही पक्षांपैकी कोणीच मला प्रश्न विचारला नाही, आणि म्हणून जिचा मला सर्वांत राग आहे. देवळात वादक अनवाणी असतो. ओटा नुकताच धुतलेला असतो, अभिषेकाचे पाणी सांडलेले असते. त्याची बोटे धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा ॲम्प्लिफायरच्या धातूशी जोडलेल्या असतात. मंडपातली वीज कशी आणलेली असते ते आपण सर्व जाणतो: दोन काड्यांनी बोर्डात खोचलेली वायर, मातीत न गेलेली अर्थिंग, तिसरी पिन मोडलेली. अशा वेळी त्याने ध्वनिक्षेपकाला ओठ किंवा हात लावला तर काय होते याला इतिहास आहे. १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा अवघ्या सत्तावीस वर्षांचा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकाला हात लागून, भरल्या सभागृहात, रंगमंचावरच मेला. त्याच्या पायांत तर बूट असतील.

कमानीवरच्या रोषणाईला आपल्याकडे पैसा असतो, पाहुण्यांच्या शालींना असतो. गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ आणि वादकाच्या पायाखाली कोरडी रबरी सतरंजी यांचा खर्च त्या शालींपुढे काहीच नाही. येत्या श्रावणात कानबाई बसण्यापूर्वी कार्यकारिणीची जी पहिली सभा भरेल, तिच्या विषयपत्रिकेवर 'गिटार असावे की नसावे' याऐवजी हे दोन जिन्नस घालावेत, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि मृदंगीबुवांना विचारावे की आपल्या शेजारी या मुलाला हातभर जागा देता का.